अभ्यंगाचा उत्तररंग

दीपावली जवळ आली म्हणजे अभ्यंगस्नानाचे माहात्म्य सांगणारे लेखन वाचकांपुढे येऊ लागते. तेल कोणते घ्यावे, ते कितपत कोमट करावे, त्यात कोणता सुगंध मिसळावा, चोळण्यास आरंभ कोठून करावा, याचे वर्णन मोठ्या रसाने केलेले असते. त्यात वावगे काही नाही. परंतु आम्ही पडलो कीर्तनकार. आम्हांला प्रत्येक गोष्टीचे दोन भाग दिसतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते, मध्ये नामगजर होतो, बुवांना हार आणि श्रोत्यांना बुक्का लागतो, आणि मग उत्तररंगात आख्यान उभे राहते. पूर्वरंग कितीही रंगला तरी तेवढ्यावरच आरती उरकणारा बुवा श्रोत्यांना रुचत नाही. अभ्यंगस्नानाचेही तसेच आहे. तेल माखणे हा त्याचा पूर्वरंग. माखलेले तेल केसांतून आणि अंगावरून नीट उतरविणे हा उत्तररंग. पहिल्याविषयी सर्वच बोलतात. दुसरा मात्र न्हाणीघराच्या ओलीतच राहून जातो. आज आम्ही त्या उत्तररंगालाच उभे राहणार आहोत.

याला निमित्त घडले ते एका प्रश्नाचे. वसुबारसेच्या कीर्तनात आम्ही अभ्यंगाचे निरूपण केले. आरती झाल्यावर प्रसाद घेण्यास आलेली एक विद्यार्थिनी नमस्कार करून म्हणाली, ''बुवा, तेल लावण्याला आमची ना नाही हो. पण ते निघत नाही, त्याचे काय?'' तिचा वेणीला लांब गेलेला शेपटा पाहिला आणि प्रश्न किती खरा आहे हे आमच्या ध्यानी आले. चतुर्दशीच्या पहाटे घरातील वडीलधारी माणसे हौसेने वाटीभर तेल डोक्यावर थापतात. दोन दिवस केस चिकट राहतात, धूळ बसते, उशीचा अभ्रा तेलकट होतो, कपाळावर पुटकुळ्या येतात. मग पुढच्या वर्षी तीच मुलगी टाळूला तेलाचे बोट लावून घेते आणि 'झाले अभ्यंग' म्हणून मोकळी होते. वडील तिला नास्तिक ठरवितात. वास्तविक श्रद्धा गेलेली नाही, विद्या गेली आहे. तेल उतरविण्याची विद्या घराघरांतून लोपत चालली म्हणून तेल लावण्याचा आचार आटत चालला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता शास्त्राकडे वळू. 'अभ्यंग' हा शब्द 'अभि' उपसर्ग आणि 'अञ्ज्' धातू यांपासून झाला. अञ्ज् म्हणजे माखणे. डोळ्यांतले अंजनही त्याच कुळातले. शब्द पाहिला तर तो नुसत्या माखण्यापुरता आहे. पण धर्मशास्त्राने स्नानांची वर्गवारी केली तेव्हा त्याला कोठे बसविले, ते मोठे मार्मिक आहे. शंखस्मृतीत स्नानाचे सहा प्रकार सांगितले आहेत: नित्य, नैमित्तिक, काम्य, क्रियांग, मलकर्षण आणि क्रियास्नान. यांपैकी अभ्यंग करून घडणारे जे स्नान ते मलकर्षण; निबंधकार त्यालाच मलापकर्षण म्हणतात. अपकर्षण म्हणजे ओढून दूर करणे. तेल लावून करावयाच्या स्नानाचे नाव शास्त्रकारांनी तेलावरून ठेवले नाही. जे दूर करावयाचे त्यावरून ठेवले. तेल हा पाहुणा आहे. तो घरात येतो, कानाकोपऱ्यांत दडलेल्या मळाला हाताशी धरतो आणि त्याच्यासह बाहेर पडतो. पाहुणा मुक्काम ठोकून बसला तर ज्या कामासाठी त्याला बोलाविले तेच राहिले म्हणावयाचे!

आणि यात अलंकारिक असे काही नाही. त्वचेतून स्रवणारा स्निग्ध अंश केसांच्या मुळाशी साठतो, त्यावर धूळ बसते आणि त्याचा थर होतो. तो पाण्याने विरघळत नाही. तेलात मात्र सैल होतो. स्निग्धाला स्निग्धच ओळखते. आमच्या गावात बैलगाडीच्या वंगणाने काळे झालेले हात गाडीवान आधी गोड्या तेलाने चोळीत आणि मग राखेने धूत. त्यांनी स्मृती वाचलेली नव्हती, परंतु मलकर्षणाचे सूत्र त्यांना अवगत होते.

धर्मसिंधूचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्ये, ज्यांना सर्व जण बाबा पाध्ये म्हणून ओळखीत, ते आमच्या पंढरपूरचेच. १७९० च्या सुमारास त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला आणि आजही महाराष्ट्रात तिथिनिर्णयाचा वाद निघाला की त्याचीच पाने उलटली जातात. आश्विन वद्य चतुर्दशीला चंद्रोदयी, सूर्योदयापूर्वी, तिळाच्या तेलाने अभ्यंग करून स्नान करावे आणि स्नानाच्या मध्येच नांगराच्या तासातील ढेकळासह आघाड्याची फांदी अंगावरून फिरवावी, असा या दिवसाचा विधी परंपरेने चालत आला आहे. या दिवशी तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा वसते, ही भावनाही जुनीच. लक्ष्मी चंचल आहे, ती येते तशी जाते, हे कीर्तनातले ठरलेले वाक्य आम्ही येथे उच्चारणार होतो. पण केसांतील तेलाच्या बाबतीत ती मुळीच चंचल नाही, असे त्या विद्यार्थिनीने आम्हांला ऐकविले असते!

स्नानाच्या मध्येच आघाडा फिरविण्यात एक सोय मात्र आहे. डोक्याला शिकेकाई लावलेली, अंगाला उटणे माखलेले, अशा स्थितीत पाटावरील माणूस थांबतो, आणि ओवाळणारी व्यक्ती फांदी शोधते, मंत्र आठविते, फुटलेले ढेकूळ गोळा करते. तेवढ्या वेळात शिकेकाई केसांत मुरते. विधी यासाठीच केला असे आम्ही म्हणणार नाही; ओढून-ताणून विज्ञान काढण्याची जी एक खोड अलीकडे बोकाळली आहे ती आम्हांला मान्य नाही. पण झालेला लाभ नाकारावा कशाला?

तेल उतरविण्याचा नेमका उपाय धर्मशास्त्रापेक्षा आयुर्वेदात अधिक स्पष्ट सापडतो. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंत ऋतूत वातहारक तेलाने अभ्यंग करावा, डोक्यावर तेल घालावे, अंग मर्दून घ्यावे, जाणत्या मल्लांशी झोंबी घ्यावी, आणि त्यानंतर कषायाने तो स्नेह हरण करून यथाविधी स्नान करावे, असा तेथे क्रम आहे. पुढे केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप. संस्कृतात तेलातुपाला 'स्नेह' म्हणतात आणि मायेलाही 'स्नेह'च म्हणतात. कषाय म्हणजे तुरट. तुरटाने स्नेह हरण करावा, हे वाक्य कीर्तनात घेतले तर श्रोत्यांमधील सासवा-सुना एकमेकींकडे पाहून हसतात, हा आमचा नेहमीचा अनुभव. पण वैद्यकात त्याचा अर्थ सरळ आहे. तेल काढण्याचे काम पाण्यावर सोपविलेले नाही. ते तुरट द्रव्यावर सोपविले आहे.

असे का, याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात, दिनचर्येत मिळते. उष्ण पाण्याचे स्नान मानेखालच्या शरीराला बळ देते, पण तेच पाणी डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ हरते, असे वाग्भटांनी बजाविले आहे. आता पेच पाहा. कढत पाणी डोक्यावर घ्यावयाचे नाही. गार पाण्याने तेल हलत नाही. त्यातून ज्या घरी खोबरेल वापरतात त्यांची अडचण अधिक, कारण खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली गेले की थिजते, आणि देशावर दिवाळीच्या पहाटे हवा त्याहून पुष्कळ खाली असते. म्हणजे गार पाण्याचा पहिला तांब्या पडताच केसांवर मेणासारखा थर बसलाच म्हणून समजा. या दोन टोकांच्या मध्ये कोमट पाणी आणि कषाय एवढाच मार्ग उरतो. बंबातले पाणी अंगासाठी कढत असू द्यावे. डोक्यासाठी वेगळ्या घंगाळात गार पाणी मिसळून ठेवावे. जुन्या घरांतून दोन घंगाळे असत ती उगीच नव्हेत.

महाराष्ट्रातला हा कषाय म्हणजे प्रामुख्याने शिकेकाई, आणि तिचा जोडीदार रिठा. रिठ्याला संस्कृतात अरिष्टक म्हणतात, आणि 'फेनिल' म्हणजे फेसाळ, असेही नाव आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात लोकरी घोंगड्या रिठ्याने शुद्ध कराव्यात असे सांगितले आहे. म्हणजे हे फळ धुण्याच्या कामाला किती पूर्वीपासून जुंपले गेले आहे, ते कळते. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाच्या कुळाला जे सॅपिंडस असे नाव दिले, त्याचाही अर्थ 'हिंदुस्थानचा साबण' असाच होतो. रिठा आणि शिकेकाई या दोहोंत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक तेलाकडे ओढ घेते, दुसरे पाण्याकडे. तेलाचा थेंब अशा असंख्य कणांनी वेढला गेला की त्याची केसावरची पकड सुटते आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. दुभाषा मध्ये असला की एकमेकांची भाषा न समजणारी दोन माणसेही एका गाडीत बसून जातात, तसे हे आहे.

साबणही हेच करतो, मग शिकेकाईचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. ज्यांच्या घरी मऊ पाणी आहे त्यांना आमचा आग्रह नाही. पण सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथील विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. त्यातील चुन्याशी साबण जुळला की पांढरट चिकटा तयार होतो आणि तो तेलाशी मिळून केसांना धरून बसतो. बाई म्हणते तेल निघाले नाही. वस्तुतः तेल निघाले, साबण राहिला. सॅपोनिनचा चुन्याशी असा साका होत नाही. बाटलीतल्या शांपूचेही बहुतेक तसेच आहे, त्यामुळे जड पाण्यात साबणापेक्षा शांपू बरा, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र दोन दोन, तीन तीन वेळा शांपू चोपडून केस झाडूसारखे राठ करून घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की जास्तीचे तेल काढावयाचे आहे, केसांचा जीव काढावयाचा नाही.

शांपूवरून आठवले. हा शब्द विलायती वाटला तरी विलायती नाही. हिंदीतील 'चाँपना', म्हणजे दाबणे, चेपणे, यावरून तो इंग्रजांनी उचलला. आपले चापणे-चेपणे त्याच कुळातले. पाटण्यास १७५९ मध्ये जन्मलेले दीन महोमेत इंग्लंडात गेले आणि तेथील ब्रायटन गावी समुद्रकाठी त्यांनी स्नानगृह काढले. तेथे वाफेच्या स्नानाबरोबर अंग चेपून देत, त्याला ते शांपू म्हणत. चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना आपल्या पदरी या कामासाठी नेमले होते. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण तेल काढतो तो मुळात मर्दनाचा. पूर्वरंगातला शब्द उत्तररंगात जाऊन बसला!

असो. आता प्रत्यक्ष कृती. शास्त्र सांगून कृती न सांगणे म्हणजे पत्रावळ मांडून वाढपी निघून जाण्यासारखे आहे.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो पहिल्याच तांब्याला. तेलकट केसांवर आधी पाणी ओतले की तेल आणि पाणी एकमेकांना ढकलतात आणि मागाहून लावलेले पीठ किंवा पूड यांच्या गुठळ्या होतात. म्हणून केस कोरडे असतानाच मुगाचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ मुळांशी भुरभुरावे आणि बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, चोळावे. पीठ तेल पिते आणि त्याचे रवे सुटू लागतात. जाड दातांच्या फणीने ते विंचरून काढले की निम्मे काम पाण्याशिवायच आटोपते. ही एक पायरी ज्या घरांत टिकली त्या घरांत 'तेल निघत नाही' ही तक्रार आम्ही ऐकलेली नाही. बाजारी उटणे मात्र केसांत घालू नये. ते अंगासाठी आहे. उद्वर्तन या शब्दावरूनच उटणे शब्द आला, आणि उद्वर्तन म्हणजे अंगाला उलट दिशेने चोळणे. त्यातले वाळ्याचे आणि नागरमोथ्याचे जाडसर कण केसांत अडकले की चार दिवस निघत नाहीत.

शिकेकाई आदल्या रात्री भिजवावी लागते. त्रयोदशीला धन्वंतरीचे पूजन आणि यमदीपदान आटोपले की भिजवून ठेवावी. लांब केसांच्या एका डोक्याला मूठभर शेंगा, बी काढलेले चार-पाच रिठे, थोडी आवळकाठी, चिमूटभर मेथ्या. रिठा वाढवू नये. फेस पुष्कळ येतो म्हणून तो वाढविण्याचा मोह होतो आणि केस कोरडे पडतात. पहाटे हे सर्व मंद उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून घ्यावे. गाळण्याचा कंटाळा करणाऱ्यांच्या केसांत पाडव्यापर्यंत शेंगांचा चोथा सापडतो. हे पाणी कोमट झाल्यावर मान मागे टाकून केसांत जिरवावे. मान पुढे घातली की ते डोळ्यांत जाते आणि मग मुले जी रडतात ती त्यांची समजूत फराळाच्या ताटानेही होत नाही. कित्येकांच्या मनात दिवाळीच्या पहाटेची जी भीती बसली आहे ती थंडीची नव्हे, ती शिकेकाईची. डोळ्यांत गेलेच तर चोळू न देता गार पाण्याने धुवावेत.

तेल अतोनात झाले असेल, किंवा एरंडेल लावले असेल, तर एका वेळेत ते निघणार नाही. एरंडेल हे तेलांतले हट्टी. त्याला सैल करावयाचे तर त्यावर थोडे तिळाचे पातळ तेल चोळावे, मग पीठ, मग शिकेकाई. तेल काढण्यासाठी आणखी तेल लावावयाचे, हे ऐकून लोक आमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात. पण करून पाहिलेल्यांनी पुन्हा शंका विचारलेली नाही. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी केस किंचित तेलकट वाटले तर लगेच पुन्हा न्हाऊ नये. कोरडे पीठ लावून विंचरावे. शेवटी लिंबाचे पाणी ओतण्याची चाल आहे ती साबणाने न्हाणाऱ्यांना उपयोगी. शिकेकाई मूळचीच आंबटसर, तिला लिंबाची गरज नाही.

लिंबाचा विषय निघाला तर आमच्या गावची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आषाढी आणि कार्तिकी यात्रेत पांडुरंग रात्रंदिवस दर्शन देतो. त्याचा पलंग काढून ठेवतात, शेजारती होत नाही. असंख्य हातांचा आणि कपाळांचा स्पर्श त्या चरणांना होतो, आणि यात्रेकरूच्या हाताला तेल, बुक्का, घाम सर्व काही असते. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशी देवाच्या चरणांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवितात. मग कोठे देवाला निद्रा. लेकरांच्या स्नेहाचा चिकटा देवालाही उतरवून घ्यावा लागतो.

आता आख्यान. चतुर्दशीचे आख्यान नरकासुराचे, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक. युद्धाचे वर्णन श्रोत्यांना आवडते, सत्यभामेचा प्रवेश तर फारच. परंतु श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, एकोणसाठाव्या अध्यायात, युद्ध आटोपल्यावर जे घडते तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नरकाच्या अंतःपुरात राजांच्या सोळा सहस्र कन्या कोंडलेल्या होत्या. भगवंतांनी त्यांना पालख्यांतून द्वारकेस पाठविले, आणि पाठविताना त्या कशा होत्या ते व्यासांनी एका विशेषणात सांगितले आहे: स्वच्छ न्हालेल्या आणि निर्मळ वस्त्रे ल्यालेल्या. इतक्या दिवसांच्या बंदिवासानंतर त्यांच्या केसांची अवस्था काय झाली असेल? त्यांना कोणी न्हाऊ घातले, कोणत्या कषायाने त्या जटा सोडविल्या, भागवतात नाही. आम्ही कीर्तनात तेथे थोडे थांबतो. ज्या स्त्रियांना माहेर परत घेणार नव्हते, समाज दारात उभे करणार नव्हता, त्यांचे पहिले काम भगवंताच्या घरी झाले ते स्नानाचे. चतुर्दशीच्या अभ्यंगाचे आम्हांला कळलेले मूळ हे आहे.

आणि याच तिथीला आपल्याच वाड्यांतून काय चालत असे? आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीस, शेजारच्या वाड्यात एक सोवळ्या आजी होत्या. लाल आलवण, डोक्यावरून पदर, खाली केस नाहीत. अख्ख्या वाड्याची शिकेकाई त्या एकट्या करीत. त्यांच्यासारखी कोणाला जमत नसे. पाण्याचा वास घेऊन रिठा जास्त झाला की कमी ते त्या सांगत. चतुर्दशीला आम्ही सर्व पोरे रांगेने त्यांच्यापुढे बसत असू आणि त्यांच्या पेरांखाली डोळे मिटून घेत असू. एकाही पोराच्या डोळ्यांत त्यांनी कधी थेंब जाऊ दिला नाही. आमच्यापैकी कोणीतरी एकदा विचारले, ''आजी, तुम्ही नाही का हो तेल लावत?'' त्या हसून म्हणाल्या, ''मेल्या, माझ्या डोक्याला काढायला काय उरलंय?'' पोरे हसली. आम्हीही हसलो असू.

'न्हावी' हा शब्दही न्हाण्यावरून, 'स्ना' धातूवरून आलेला. न्हाऊ घालतो तो न्हावी. त्याच्या हातून केशवपन करविण्याची रूढी किती काळ चालली! १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्या कष्टकऱ्यांनी ठरविले, तेव्हा आमच्यासारख्या पोथी वाचणाऱ्यांना सुचले नव्हते ते त्यांना सुचले होते. वस्तरा गेला. पण तेल परत आले नाही. केस राखले तरी सणाच्या दिवशी पाटावर बसवून, औक्षण करून, तेल लावण्याचा मान कित्येक घरांत विधवेला अजून नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता घालून दिला. न्हाणीघरापर्यंत ठराव पोचत नाहीत, तेथे घरच्यांनाच जावे लागते. स्मृतींत विधवेच्या तैलाभ्यंगाचा निषेध आहे, असे आम्हांला कोणी सुनावील. आहे, आम्ही वाचला आहे. दशम स्कंधही वाचला आहे, आणि आमच्या घरी चतुर्दशीला आम्ही दशम स्कंध चालवितो.

गेल्या वर्षी आमच्या आळीतील एका घरी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना सुनेने पाटावर बसविले. यजमान गेल्यापासून त्यांच्या डोक्याला सणाचे तेल नव्हते. आधी त्या नको नको म्हणाल्या, मग थोडे लाव म्हणाल्या, मग काही बोलल्या नाहीत. सुनेनेही हात आखडता घेतला नाही. तेल अर्थातच जास्त झाले. पीठ दोनदा लावावे लागले, शिकेकाईचे पाणी पुरेना म्हणून शेजारहून आणविले, नातू आघाडा हातात धरून ताटकळला, आणि सर्व आटोपून केस टिपावयास घेतले तेव्हा अंगणात ऊन आले होते. चंद्रोदयाचा मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. शेवटचा तांब्या मात्र निर्मळ निघाला. मोरीतून वाहून गेलेल्या त्या पाण्यावर तेलाचा एकही तवंग नव्हता.